ख्रिस्ती गव्हर्नरास ख्रिस्ती बाईचा जाब

मांजरीवरून दौंडकडे जाणारा लोहमार्ग केडगावास पोहोचतो. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन आहे. बाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलणारा राज्यकर्त्यांच्या मर्जीसाठीच बदलतो, हा टोमणा आपल्याकडे जुना आहे. 1897 मध्ये पुण्यात प्लेग असता बाईंच्या लेखणीने त्यास उत्तर दिले. सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, असे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रातच लिहिले! प्रश्न पार्लमेंटात गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप झिडकारला.

त्याच वर्षीचा साथरोग कायदा वाचकांनी अवश्य पाहावा. मुळात कलमे चारच. चौथे म्हणते, सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. भ्यालेल्या सरकारने न्यायालयाचे दार असे आधीच लावून घेतले होते. उरले होते वर्तमानपत्र. आणि त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली तुरुंगात जावे लागले.

परक्या धर्माच्या राजास बोल लावणे त्या मानाने सोपे. बाईंनी स्वधर्मीयांस लावला. आपणही धर्मांतरित आहोत. आमच्याच एका संस्थेच्या हिशेबातील घोळ मला ठाऊक होता. "बाहेरचे हसतील, वकीलसाहेब," असे मला सांगण्यात आले, आणि मी गप्प राहिलो.