मोडीत निघालेले घर

पुण्याच्या पेठांतील वाडे पाडून त्या जागी सदनिका उभारण्याचे सत्र गेली कित्येक दशके चालू आहे. वाडा पडला की हळहळ व्यक्त होते. परंतु त्याआधीच्या आठ-दहा दिवसांत बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून जी घाईची विक्री चालते, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गेल्या वर्षी वडिलांच्या माघारी आमच्या दोन खोल्या रिकाम्या करण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा अर्थशास्त्र शिकविणारा मनुष्यही या बाजारात किती सहज नागवला जातो, हे मला कळून चुकले.

आजोबांनी तांबट आळीतून आणलेला तांब्याचा बंब हा घरातील सर्वांत वजनदार ऐवज. दुकानदाराने त्याची पितळी तोटी निराळी केली, बंब काट्यावर चढविला आणि मोडीचा दर लावला. मोडीचा दर म्हणजे निव्वळ धातूचा दर. घडणावळ त्यात शून्य. कसब्यातील कारागीर हातोडीने ठोके देत भांडे मठारतो, त्या ठोक्यांनी तांब्याला कणखरपणा आणि झळाळी येते. नव्या मठारलेल्या भांड्यासाठी गिऱ्हाईक या श्रमाचे पैसे निमूट मोजते. मला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण टेम्पो दाराशी उभा होता.

जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. मालाची खरी अवस्था विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, आणि त्यामुळे बाजारच बिघडतो. घर आवरताना हे पारडे उलटते. घेणारा नित्य हाच व्यवहार करीत असतो. विकणारा आयुष्यात एकदा-दोनदा, तोही मुदतीच्या धाकाखाली.

तथापि माझ्या हातून खरी चूक व्हायची होती ती कागदांच्या बाबतीत. रद्दीच्या ढिगातील एक पत्र्याची पेटी थोरल्या बहिणीने हट्टाने बाजूला काढली. तीत 1961 पासूनच्या भाडेपावत्या होत्या. भाडेकरूपण आईच्या नावे लावून घेण्याचे काम अद्याप व्हायचे होते, त्याचा सगळा आधार या पावत्यांवर. आणि मी त्या किलोच्या भावाने देऊन टाकीत होतो! पावत्यांखाली वडिलांच्या नावाची समभागांची दोन प्रमाणपत्रे निघाली. 1 एप्रिल 2019 पासून कागदी समभाग विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, म्हणून पुष्कळ लोक असे कागद निकामी समजतात. वस्तुतः वारसांना ते रीतसर आपल्या नावे करून डीमॅट खात्यात घेता येतात. लागोपाठ सात वर्षे लाभांश न उचलल्यामुळे समभाग सरकारी निधीकडे वर्ग झाले असले, तरी तेथूनही ते परत मागता येतात.

सर्वच जपावे असे माझे म्हणणे नाही. प्लायवूडचे शोकेस आम्ही फुकट दिले, आणि नेणाऱ्याने हमालीही मागितली. पण दिनकर केळकरांनी लोकांच्या घरांतून दिवे, अडकित्ते असल्या रोजच्या वापराच्या वस्तूच वेचल्या होत्या, आणि 1975 साली तो संग्रह त्यांनी राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्या वस्तूंना पूर्वी कोणी काय दर दिला असता?

आजीचा अडकित्ता बहिणीने नेला. पावत्या मी वर्षवार लावून ठेवल्या आहेत. आई अजून अधूनमधून विचारते, बंब कितीला गेला?