सुट्या मालाची जहाजे आणि आमची बचत

चोआ चू कांग स्टेशनाजवळच्या आमच्या नेहमीच्या कोपीटियममध्ये शनिवारी सकाळी एक टेबल ठरलेले असते. निवृत्त कारकून, टॅक्सी चालविणारे एक गृहस्थ, आपल्यापैकी दोघे-तिघे काका आणि अधूनमधून आम्ही. कोपी-ओचा पहिला घोट घेण्यापूर्वी खिशांतून फोन निघतात व एका नौवहन कंपनीच्या शेअरचा भाव पाहिला जातो. भाव चार सेंट. शनिवारी बाजार बंद असतो, दिसणारा भाव शुक्रवारचाच असणार, हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही पाहतात. मग कोणीतरी म्हणते, "भाडी वाढताहेत हं यंदा!" आणि पुढचा अर्धा तास बरा जातो.

या कंपनीचे नाव आम्ही येथे देत नाही. ते आमचे घरचे दुःख आहे. ती सुट्या मालाची वाहतूक करते, म्हणजे कोळसा, लोहखनिज, गहू असा जो माल पोत्यांत वा पेटाऱ्यांत न भरता थेट जहाजाच्या पोटात ओततात, तो. आम्ही तिचे ५,००० शेअर ८० सेंटांनी घेतले, ते सीपीएफच्या खात्यातून. भाव ३० सेंटांवर आला तेव्हा रोखीने १०,००० घेतले आणि १० सेंटांवर आला तेव्हा २०,००० घेतले. एकूण ९,००० डॉलर गेले. आज त्याचे १,४०० डॉलर येतात. घरात ही गोष्ट सांगायला आम्हांला तीन वर्षे लागली.

आपल्या लोकांना जहाजाच्या शेअरचे आकर्षण का, हे आम्ही समजू शकतो. आमचे आजोबा या बेटावर आले ते बोटीनेच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९१९ साली सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनी उभारली आणि त्याच वर्षी ५ एप्रिलला त्यांची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली, ही कथा लहानपणी घरोघरी ऐकलेली. भारतात ५ एप्रिल अजून नौवहन दिन म्हणून पाळतात. जहाज घेणे म्हणजे देशकार्य, ही भावना त्या पिढीने आमच्याकडे दिली. म्हणूनच डिसेंबर २००७ मध्ये मुंबईच्या मर्केटर लाइन्सची येथील कंपनी सिंगापूरच्या शेअरबाजारात आली तेव्हा "ही तर आपल्या मुंबईची!" एवढ्यावर अर्ज भरणारे आम्ही डोळ्यांनी पाहिले. मर्केटरचाही धंदा सुट्या मालाचाच.

वेळ कोणती होती, ते पाहा. सुट्या मालाच्या भाड्याचा जो बाल्टिक निर्देशांक लंडनहून रोज निघतो, तो २० मे २००८ रोजी ११,७९३ या उच्चांकावर होता. त्याच वर्षी ५ डिसेंबरला तो ६६३ वर आला. साडेसहा महिन्यांत शंभरातले चौऱ्याण्णव गेले. सर्वांत मोठ्या, केपसाइझ जातीच्या जहाजाचे दिवसाचे भाडे त्या जूनमध्ये दोन लाख डॉलरच्या वर होते, ते डिसेंबरात तीन हजारांच्या आत उतरले. एवढ्यात खलाशांचा पगार, विमा आणि दुरुस्तीही भागत नाही. बँकेचा हप्ता तर दूरच. २००९ साली ईस्ट कोस्टच्या वाळूवर मुलांना घेऊन गेलेल्यांना आठवत असेल, समुद्रात नजर जाईल तिथपर्यंत रिकामी जहाजे नांगर टाकून उभी होती. मुलांना मोठी मौज वाटे.

आमच्या टेबलावरचे गणित असे, की भाडी कधीतरी वाढणारच, मग शेअरही वाढेल. यातला पहिला भाग खरा आहे. घोटाळा दुसऱ्यात आहे. तेजीत सगळेच मालक नवी जहाजे मागवितात. जहाज बांधून हाती यायला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून ती येतात नेमकी मंदीत, आणि मंदी आणखी लांबवितात. जहाज घेतलेले असते कर्जावर. भाडे पडले की जहाजाची किंमतही पडते. किंमत कर्जाच्या ठराविक प्रमाणाखाली गेली की बँक म्हणते, जादा तारण आणा नाहीतर पैसे परत करा. ते कोठून आणणार? तेजीत मिळविलेले बहुधा आणखी जहाजांत गेलेले असते. मग भागधारकांना पत्र येते : हक्काचे नवे शेअर स्वस्तात देतो, घ्या. न घ्यावेत तर आपला वाटा पातळ होतो. घ्यावेत तर आपले नवे पैसे बँकेच्या जुन्या खड्ड्यात.

नोंद असलेली उदाहरणे घ्या. कोरियाची एसटीएक्स पॅन ओशन २००५ पासून आमच्या येथील बाजारातही नोंदलेली होती. जून २०१३ मध्ये ती कोर्टाच्या आसऱ्याला गेली आणि २०१५ साली हारिम या कोंबड्यांच्या व पशुखाद्याच्या धंद्यातील समूहाने घेतली. अमेरिकेत ईगल बल्क २०१४ साली कोर्टात गेली. जुन्या भागधारकांच्या हाती नव्या कंपनीचा अर्धा टक्का आला आणि पुढेमागे ठराविक भावाने शेअर घेण्याचा कागदी हक्क. येथली मर्केटर २०१६ साली कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकांच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला बाल्टिक निर्देशांक २९० वर, म्हणजे तोवरच्या तळाला होता. मुंबईच्या मूळ कंपनीवर २०२१ साली दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात निर्देशांक ५,६५० वर चढलेला! टेबलावरचे भाकीत अक्षरशः खरे ठरले होते. फक्त ती भाडी मिळाली ज्यांनी मधल्या काळात जहाजे मातीमोलाने उचलली त्यांना. पाच वर्षे तग धरून बसलेल्या मास्तरांचा आणि टॅक्सीवाल्यांचा त्यात वाटा नव्हता.

"सरासरी खाली आणली" हा शब्दप्रयोग आम्हीही अभिमानाने वापरला आहे. ८० चे घेतलेले, पुढच्या खरेदीने सरासरी पंचवीस-सव्वीस सेंटांवर आली. वर्गात एखाद्या मुलाने असे उत्तर दिले असते तर आम्ही विचारले असते, बाळ, सरासरी कमी झाली, पण गेलेले पैसे कमी झाले की वाढले? शिक्षक-प्रशिक्षणात आम्हांला शिकविले होते, की मुलाची चुकलेली पायरी रबराने पुसू देऊ नये, ती तशीच ठेवून खाली नवे गणित मांडावे. सरासरी खाली आणणे म्हणजे रबर. ८० सेंटांची चूक दिसेनाशी होते आणि आपण २६ सेंटांवर शहाणे होऊन बसतो.

दुसरे रबर कंपनीच्या हाती असते. दहा शेअरांचा एक करायचा. रात्री भाव चार सेंट, सकाळी चाळीस. आमच्या ३५,००० शेअरांचे ३,५०० होतील आणि किंमत तीच १,४००. वीस सेंटांखालच्या शेअरांना चाप लावण्याचा नियम आमच्या बाजाराने २०१५ साली आणला व २०२० मध्ये काढून टाकला. त्या काळात कितीतरी कंपन्यांनी असे एकत्रीकरण केले. ड्रायशिप्स या ग्रीक मालकाच्या कंपनीने २०१६–१७ मध्ये हेच एकामागून एक इतक्यांदा केले, आणि मध्ये नवे शेअर विकीत राहिली, की जुन्या माणसाच्या हाती नाव घेण्याजोगे काही उरले नाही.

आता आमची खरी तक्रार. २०२० पासून आमच्या बाजारातील बहुतेक कंपन्यांना दर तिमाहीस हिशेब देण्याची सक्ती राहिली नाही. हिशेबतपासनिसांनी ज्यांच्याविषयी शंका नोंदविली अशांसारख्यांनाच ती ठेवली. कंपन्यांचा खर्च वाचावा हा हेतू वाईट नव्हता. पण ज्या धंद्यात सहा महिन्यांत शंभरातले चौऱ्याण्णव जाऊ शकतात, तेथे सहामाही हिशेब म्हणजे घर जळून गेल्यावर आलेला बंब. नौवहनासारख्या धंद्याला वेगळा नियम हवा, निदान कर्जाच्या अटी मोडल्या की नाही हे दर तिमाहीस सांगण्याचा. शिवाय ज्या घोषणा येतात त्या बाजार बंद झाल्यावर, वकिली इंग्रजीत. आम्ही इंग्रजी माध्यमात शिकवितो, तरी एक परिच्छेद आम्हांला तीनदा वाचावा लागला. सत्तर वर्षांच्या काकांनी काय करावे? ते फोनवर भाव पाहतात, कारण तेवढाच आकडा त्यांना कळतो.

अशा माणसांना जुगारी म्हणणारे सुशिक्षित लोक आमच्यातच आहेत. आम्हांला ते मान्य नाही. जुगारी पैसे उडवायला जातो. ही मंडळी नातवाच्या शिक्षणाचे पैसे वाढवायला गेली होती. त्यांची चूक एवढीच, की भाव पाहण्याला ती कंपनी पाहणे समजली. आमच्या पहिल्या खरेदीचे ४,००० डॉलर सीपीएफमध्येच अडीच टक्क्यांनी राहते, तर दहा वर्षांत पाच हजारांवर गेले असते. हे आम्ही शेवटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन मांडले, बायको आणि मुलगी समोर बसली असताना. मुलगी म्हणाली, "बाबा, मग आता विकायचे का?" आम्ही म्हणालो, "एप्रिलच्या वार्षिक सभेनंतर ठरवू." ती काही बोलली नाही, पण तिचे तोंड पाहून आम्ही सोमवारी निम्मे विकले.

उरलेल्या निम्म्यासाठी सभेला जाणार आहोत. दोन प्रश्न लिहून ठेवले आहेत : पुढील बारा महिन्यांत कर्जाचा किती हप्ता येतो, आणि आजच्या भाड्यात तो निघतो का. आमच्या टेबलावरच्या दोघांनी बरोबर येण्याचे कबूल केले आहे. तिसऱ्यांना अजून आपला नंबर घरी कळेल याची भीती वाटते. ज्या वाचकांच्या घरी अशा कंपन्यांचे वार्षिक अहवाल कपाटावर न फोडता पडले असतील, त्यांनी ते शनिवारी दुपारी आमच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर आणावेत. कर्जावरची टीप शेवटच्या तिसऱ्या भागात असते. आम्ही चहा आणि पेन्सिली ठेवू.