शब्दाचा आवाज, आवाजाचा मोबदला

शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावी कथाकथन केले, तेव्हाच मराठी कथेला वाचकाइतका श्रोताही लाभतो हे दिसून आले होते. २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ भारतात आले आणि त्या श्रोत्याची बाजारपेठ उभी राहिली.

आपले पुस्तक श्राव्य करू पाहणारा लेखक प्रथम चांगला आवाज आणि ध्वनिमुद्रणाची सोय शोधतो. वस्तुतः त्याने आधी प्रकाशकाशी केलेला करार वाचावयास हवा. छपाईचा हक्क निराळा, ध्वनिमुद्रणाचा निराळा. एक दिला म्हणून दुसरा आपोआप जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतर लेखी असावे लागते आणि मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांचीच धरली जाते.

२०१२ ची दुरुस्ती याहून महत्त्वाची. ती झाली मुख्यतः गीतकार-संगीतकारांच्या आग्रहामुळे. परंतु तिच्या शब्दांत साहित्यकृतीचाही स्पष्ट उल्लेख आहे. ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या कृतीच्या रॉयल्टीतील समान वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था यांखेरीज कोणालाही देऊन टाकण्याची मुभा लेखकाला नाही. एकरकमी पैसे देऊन त्याला कायमचे बाजूला सारणे या तत्त्वाशी विसंगत होय.

मात्र हक्क असणे आणि तो पदरात पडणे यांत अंतर असते. मासिक वर्गणीच्या व्यवहारात कोणते पुस्तक किती तास ऐकले गेले, याचा हिशेब कंपनीपाशीच राहतो. एकट्या लेखकाची सौदाशक्ती तेथे तोकडी पडते. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र साहित्य परिषदेने नियमित हिशेबाचे कलम असलेला नमुना करार लेखकांच्या हाती द्यावा. संमेलनातील सत्कारापेक्षा लेखकाला त्याची गरज अधिक आहे.