कानाआड

मराठीत ‘कानाआड करणे’ असा एक झकास वाक्प्रचार आहे. सासूबाईंचे टोमणे, साहेबांची कुरकुर कानाआड करावी, म्हणजे संसार सुखाचा होतो, असे वडीलधारी मंडळी सांगत आली. ही कला स्वभावाची, अशी आपली समजूत. पण तिचा मोठा भाग मेंदू आपल्याला न विचारता परस्पर उरकीत असतो.

आमच्या एकलहऱ्याचेच पाहा. १९७० साली इथले औष्णिक वीज केंद्र सुरू झाले, तेव्हापासून यंत्रांची घरघर आणि कोळशाच्या वाघिणींचा खडखडाट गावाच्या सोबतीला आहे. नवा पाहुणा रात्रभर कुशी बदलतो आणि सकाळी विचारतो, “तुम्हांला झोप लागते तरी कशी हो?” आवाज आहे, हे आम्हांला त्याने विचारल्यावर आठवते!

ही झाली वर्षांची सवय. याहून बारीक पहारा अर्ध्या सेकंदात चालतो. डोक्याला तारा लावून माणसाला दोनदा ‘टक्’ असा आवाज ऐकवतात, मध्ये अर्ध्या सेकंदाचे अंतर ठेवून. असे पुष्कळदा करून सरासरी काढली, की पहिल्या आवाजानंतर सुमारे ५० सहस्रांश सेकंदांनी आलेखावर एक लहानशी लाट दिसते. दुसऱ्या आवाजाची लाट बरीच खुजी असते. देवडीवरचा पहारेकरी जणू म्हणतो, “हे मघाचेच गृहस्थ, यांना आत कशाला सोडा?” अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातील ॲडलर, फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवले, की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत ही दुसरी लाट तितकीशी खुजी होत नाही.

कोणी म्हणेल, झाले तर मग! आलेख काढा आणि रोग ओळखा. पण तसे नाही. रुग्ण आणि निरोगी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. रुग्णाच्या धडधाकट भावंडांतही ही खूण पुष्कळदा सापडते. म्हणून आजही निदान होते ते डॉक्टरांनी रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच. पत्रिका, रक्तगट यांच्या जोडीला उद्या हा आलेखही वरपक्षाने मागितला, तर भावाच्या आजारापायी बहिणीचे लग्न मोडायला एक नवे निमित्त मात्र मिळेल!

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटात असा भाऊ आणि त्याच्यासाठी झटणारी बहीण आपण पाहिली. त्या चित्रपटामागे उभे राहिलेले कॅल्गरीचे प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी हे दुखणे आपल्याच घरात पाहिले होते. पुण्यात रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

मग या आलेखाचा आपल्याला उपयोग काय? माझ्या मते, तो दोष माणसाच्या स्वभावावरून उचलतो. सगळे आवाज एकदम अंगावर येतात, कोणता ऐकावा ते कळत नाही, अशी रुग्णांची गाऱ्हाणी स्कॉटलंडच्या मॅकगी आणि चॅपमन यांनी १९६१ सालीच टिपून ठेवली होती. कुकरची शिट्टी, टीव्ही आणि चौघांचे बोलणे एकदम सुरू झाले, की घरातला मुलगा ताटावरून उठून जातो. घरचे म्हणतात, “नाटके करतो.” ही नाटके नसावीत, देवडीवरचा पहारा ढिला असेल, एवढे मानायला हा आलेख आधार देतो. औषध डॉक्टरांचेच घ्यावे. पण एका वेळी एकाने, सावकाश बोलावे, याला चिठ्ठी लागत नाही.

आणि ही तर दिवाळी. आपल्या आळीत असे एखादे घर असेल, तर लवंगीची माळ तेवढी लांब नेऊन लावा. फराळाचे ताट मात्र त्या घरी आधी पोचवा.