सर्व्हिसिंगला बघतील ना ते!

काही वाक्यं अशी असतात की ती कानावर पडली की डोक्यात तिडीक जाते. त्यातलं सध्याचं माझं सर्वात नावडतं वाक्य म्हणजे, "अरे, पुढच्या सर्व्हिसिंगला बघतील ना ते!"

कुठल्याही रविवारी सकाळी वडखळच्या आसपास चहाला थांबा. आठ-दहा बाइक्सचा ग्रुप हमखास भेटेल. अंगात आर्मरवालं जॅकेट, हेल्मेटवर कॅमेरा, गाडीला दोन्ही बाजूंना पॅनियर, पुढे मोबाईलचा होल्डर, त्याला चार्जर. गाडी मात्र दहा-बारा वर्षं जुनी, बऱ्याचदा सेकंड हँड घेतलेली. (यात वाईट काही नाही. माझीही तशीच आहे, आणि मला ती नवीपेक्षा प्रिय आहे.) आता त्यातल्या कुणालाही सहज विचारा, बाबा रे, इंजिनात ऑईल किती आहे? कूलंटची टाकी कुठल्या बाजूला आहे? उत्तर ठरलेलं. ते. बघतील. हे 'ते' कोण, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मंडळी, आपण सगळे आठवडाभर ऑफिसात काय करतो? सर्व्हरवर मॉनिटरिंग लावतो. डिस्क ८० टक्के भरली की रात्री दोन वाजता फोन वाजावा अशी सोय करतो. अप्रेझलच्या फॉर्मात 'ओनरशिप' हा शब्द तीन वेळा लिहितो. आणि ज्या यंत्रावर बसून ताशी ऐंशीच्या वेगाने आपला जीव घेऊन निघतो, त्यातलं तेल शेवटचं कधी पाहिलं ते आठवत नाही. याला मी आळससुद्धा म्हणत नाही. आळशी माणूस निदान घरी झोपतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जुनी टूरिंग बाइक किलोमीटरने मरत नाही, तिच्याकडे कुणी न बघितल्याने मरते. आणि ऑईल नि कूलंट या दोन गोष्टी स्वतः न बघता रायगडच्या किनाऱ्यावर जुनी गाडी घेऊन जाणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

रायगडच का, तर रस्ता आठवा. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला उघडला, पण त्यावर दुचाकीला बंदी. म्हणजे मुंबईकर बाइकवाल्याला एक तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (ही २०२० च्या मार्चपासून आहे), नाहीतर वाशी-पनवेल-पेण हा जुनाच वनवास. पळस्पे ते इंदापूर रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षांनीही संपलेलं नव्हतं, यावर नवीन काही लिहिण्यासारखं उरलेलं नाही. पण त्या रांगेत इंजिनाचं काय होतं ते बघा. गाडी पळत असते तेव्हा रेडिएटरला वारा फुकट मिळतो. ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडताना वारा शून्य, समोर ट्रकचा धूर, आणि सगळी भिस्त त्या एका छोट्या पंख्यावर. पंखा फिरून उपयोग कधी, तर आत पुरेसं कूलंट असेल तेव्हाच.

पुढे कार्लेखिंड ओलांडून अलिबाग, चौल, रेवदंड्याचा पूल, काशीद, मुरूड, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, मग दिवेआगर-श्रीवर्धन. सगळा वेळ खारा वारा. रेडिएटरच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पात्यांवर मीठ बसतं, ती कुजतात. शिवाय काशीदच्या वाळूत गाडी घालून फोटो काढणारे महाभाग आहेतच, त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी. या पट्ट्यातले मेकॅनिक उत्तम आहेत, स्प्लेंडर डोळे मिटून उघडून देतील. पण तुमच्या बारा वर्षं जुन्या लिक्विड कूल्ड गाडीचा रेडिएटर होज रविवारी दुपारी मुरूडला कुणाच्या फळीवर का असेल?

"पण माझी गाडी वर्षभरात तीन हजारच चालली" हे दुसरं आवडतं वाक्य. अहो, म्हणूनच! बऱ्याचशा मॅन्युअलमध्ये ऑईलसाठी किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, आणि जे आधी होईल ते, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. महिन्यांचा तो आकडा कुणी वाचत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. शाळेतलं रसायनशास्त्र आहे, काही गुपित नाही. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या बाजूने खाली ऑईलमध्ये उतरते. लांब पल्ला मारला तर ऑईल नीट तापतं आणि ती उडून जाते. पण आठवडाभर घर ते ऑफिस पाच किलोमीटर, त्यात पावसाळ्याची दमट हवा, मग ऑईल कधी पुरतं तापतच नाही. पाणी नि कच्चं पेट्रोल आतच राहतं. ऑईलचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघा. दुधाळ कॉफीसारखा चिकट थर दिसला तर एक तर ही वाफ आहे, किंवा कूलंट ऑईलमध्ये शिरतंय. पहिलं असेल तर लांब चालवून आणि ऑईल बदलून भागतं. दुसरं असेल तर गाडी त्या दिवशी कुठेही न्यायची नाही. आणि झाकण उघडल्याशिवाय यातलं काहीच कळणार नाही.

कारमध्ये तीन-चार लिटर ऑईल असतं. आपल्या बाइकमध्ये जेमतेम एक-दोन लिटर, आणि तेच ऑईल इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांना पुरवायचं. गिअरचे दात त्या ऑईलमधले दाटपणा टिकवणारे रेणू अक्षरशः चिरडतात. त्यात जुनं इंजिन थोडं ऑईल पितंच. दीड लिटरमधलं तीनशे-चारशे मिली गेलं म्हणजे पाव हिस्सा संपला, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा तोवर शांतच असतो. तो दिवा बहुतेक गाड्यांत ऑईलचा दाब पडल्यावर लागतो, पातळी कमी झाल्यावर नाही. म्हणजे तो सावध करत नाही, बातमी देतो.

बरं, ऑईल काळं झालं म्हणजे खराब झालं, हेही अर्धंच खरं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दोन बोटांत चोळून "साहेब, याचा दम गेला" असं सांगणाऱ्या उस्तादांना माझा नमस्कार, पण तारीख लिहून ठेवलेली वही त्याहून भरवशाची. आणि कृपा करून कारचं उरलेलं ऑईल बाइकमध्ये ओतू नका. त्यातल्या काहींत घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, आणि आपला क्लच ऑईलमध्येच बुडालेला. तो घसरायला लागतो. याच कारणासाठी जपानी लोकांनी १९९८ मध्ये जासोचं वेगळं मानक काढलं. डब्यामागे जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलं बघा, ग्रेड मॅन्युअलमधली घ्या, आणि काउंटरवरची दोनशे रुपयांची जादूची बाटली तिथेच राहू द्या.

आता कूलंट. (जुन्या एअर कूल्ड बुलेटवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. २०२३ च्या हिमालयन ४५० वाल्यांनी मात्र थांबायचं.) "कोकणात कुठे बर्फ पडतो? साधं पाणी टाक की!" हे तर मी गॅरेजवाल्यांच्या तोंडूनही ऐकलंय. गोठू नये हा कूलंटचा एक उपयोग झाला, आणि इथे तो बिनकामाचा आहे, मान्य. पण ग्लायकॉल आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि रेडिएटर कॅपच्या दाबाखाली सव्वाशेच्याही पुढे तग धरतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात गंजरोधक रसायनं असतात. ती गाडी उभी असतानाही संपत जातात, म्हणून बहुतेक कूलंट दर दोन-तीन वर्षांनी बदलायला सांगतात. साध्या पाण्यात ती नसतातच. त्यात खाडीलगतच्या विहिरीचं मचूळ पाणी म्हणजे क्षारांचा थर आणि ॲल्युमिनियमला बारीक खड्डे, दोन्ही एकदम. अडीनडीला टाकायचंच तर बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. आणि हिरवं, लाल, निळं हा नुसता रंग आहे, त्यावरून जात ओळखायची नाही. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट मिसळली तर आत गाळ होऊ शकतो.

'ते बघतील' याबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. शहरातलं एक बऱ्यापैकी नावाजलेलं सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही. गाडी देण्याआधी मी ऑईल फिल्टरच्या झाकणाच्या एका बोल्टवर आणि त्याच्या कडेवर मिळून नेलपॉलिशची रेघ ओढली. बोल्ट फिरला की रेघ तुटणार, साधी युनिट टेस्ट! गाडी परत आली, बिलात 'ऑईल फिल्टर बदलला' आणि 'कूलंट बदललं' अशा दोन ओळी, दोन्हीचे पैसे. रेघ जशीच्या तशी. रिझर्व्ह टाकीत तोच गंजकट चहाचा रंग. विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, सिस्टिममध्ये तर क्लोज झालंय." पैसे परत मिळाले, पण तेव्हापासून या दोन कामांसाठी गाडी कुणाच्या हातात दिलेली नाही.

आमचं घर रेवदंड्याजवळ आहे. तिथल्या खाडीत मासेमारीच्या होड्या लागतात, कुणाची दोन सिलिंडरची, कुणाची सहा. होडी सुटण्याआधी इंजिनाची डिपस्टिक काढून पुसून बघणार, पाणी फिरतंय का बघणार, मगच दोर सोडणार. पावसाळ्यातल्या बंदीत होड्या वर ओढल्या की इंजिनं उघडली जातात. कारण सोपं आहे. पंधरा सागरी मैलांवर टोइंगची व्हॅन येत नाही. या लोकांना कुणी 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स'चं ट्रेनिंग दिलेलं नाही. आपल्या वडिलांच्या पिढीलाही दिलं नव्हतं, पण चेतकचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं प्रत्येक घरात यायचं. आपल्याला इंजिनिअरिंगची पदवी आहे म्हणून आपण हात लावत नाही, असा काहीतरी विनोदी प्रकार झालाय.

नवी गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिसिंग नियमाप्रमाणेच करा, त्याबद्दल वाद नाही. पण वॉरंटी संपून सात वर्षं झालेल्या गाडीला 'ते' कशाला हवेत? केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. हक्क मिळाला म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. पाना घ्यायला मात्र कुणी दुकानात गेलं नाही.

आणि काम केवढं? कूलंट बघायचं ते गाडी सरळ उभी करून, साइड स्टँडवर नाही, रिझर्व्ह टाकीच्या दोन खुणांमध्ये. एक मिनिट. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, दाबाखालचं उकळतं मिश्रण थेट तोंडावर येतं. वॉटर पंपाखाली एक बारीक भोक असतं, तिथे ओल दिसली तर सील जायला लागलंय. ऑईल बघायचं तेही गाडी सरळ ठेवूनच: दोन-तीन मिनिटं चालू, मग तितकाच वेळ बंद, मग काच किंवा डिपस्टिक. बदलायचं असेल तर इंजिन कोमट करा, ड्रेन बोल्ट सोडा, सगळं गळू द्या, फिल्टर आणि त्याची ओ-रिंग नवीन, ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन. हा दहा-वीस रुपयांचा वॉशर वाचवणारे लोक पुढे महिनाभर पार्किंगमध्ये पुठ्ठा अंथरतात. बोल्ट आवळताना मर्दुमकी दाखवायची नाही. खालचं केसिंग ॲल्युमिनियमचं, आटे गेले की वॉशरचे वाचवलेले पैसे विसरा. टॉर्क रेंच एकदा विकत घ्या, ग्रुपमध्ये वाटून घ्या. ऑईल मोजून ओता, जास्त झालेलंही वाईटच.

राहिलं गळलेलं ऑईल. वापरलेलं ऑईल कायद्याने घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होईल हे बघायची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवरही टाकली आहे. तरीही किनाऱ्यावर ते गटारात किंवा वाळूत ओतणारे मी पाहिलेत, वर "जमिनीतूनच आलंय ना" हे तत्त्वज्ञान. मी ते नव्या ऑईलच्या रिकाम्या डब्यात भरून गॅरेजच्या बॅरलपर्यंत नेतो. जुनं कूलंटही वेगळ्या डब्यात, आणि लगेच झाकण. ते चवीला गोड असतं, कुत्र्या-मांजरांनी थोडं चाटलं तरी ती मरतात. आमच्या वाडीतली विहीर, जिथून सुपारीला नि घराला पाणी जातं, ती मी गाडी उभी करतो तिथून वीस पावलांवर आहे.