एपीचे गुण, अमेरिकेतील प्रवेश आणि 'गुणवत्ते'चा खरा अर्थ

बारावीनंतर थेट अमेरिकेत पदवी शिक्षण घ्यायचे असेल, तर 'एपी' परीक्षा दिल्याशिवाय चांगल्या विद्यापीठात प्रवेश मिळत नाही, असे आज अनेक पालकांना सांगितले जाते. एका विषयाचे शुल्क अमेरिकेत सुमारे 100 डॉलर, अमेरिकेबाहेर त्याहून जास्त. शिकवणीचा खर्च वेगळा. ज्यांच्याकडे पैसा आहे ते चार-पाच विषय देतात. ज्यांच्याकडे नाही ते स्वप्नच सोडून देतात. म्हणून या परीक्षेचे खरे वजन किती, हे आपल्या तरुणांनी नीट समजून घेतले पाहिजे.

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. एसएटी घेणारी कॉलेज बोर्ड हीच संस्था 1955 पासून हा कार्यक्रम चालवते. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शाळेतच शिकवायचा आणि मे महिन्यात परीक्षा घ्यायची. गुण मिळतात 1 ते 5. निकाल लागतो जुलैमध्ये.

आता हे वेळापत्रक प्रवेशाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. निवडक विद्यापीठे आपले निर्णय साधारण मार्चअखेर कळवतात आणि विद्यार्थ्याने 1 मेपर्यंत जागा निश्चित करायची असते. म्हणजे बारावीच्या वर्षी दिलेल्या एपीचे गुण येतात तेव्हा प्रवेशाचा निर्णय होऊन गेलेला असतो. अर्जात दिसू शकतात ते फक्त अकरावीपर्यंतचे गुण. तेही लिहायचे की नाही, हे बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यानेच ठरवायचे असते.

मग एपीचा एवढा गवगवा का? कारण इथे दोन गोष्टींची गल्लत केली जाते. एपीचा अभ्यासक्रम वेगळा आणि एपीच्या परीक्षेचे गुण वेगळे. प्रवेश समिती आधी पाहते ते शाळेचे प्रगतिपत्रक. शाळेत उपलब्ध असलेल्या विषयांपैकी कठीण विषय घेतले का, त्यात वर्षभर कामगिरी कशी राहिली, हे तिथे वाचले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे उदाहरण घ्या. प्रवेशासाठी सरासरी काढताना एपी वर्गात चांगली श्रेणी मिळाली की जादा गुणांक मिळतो. तो वर्गातील श्रेणीसाठी असतो, मे महिन्याच्या परीक्षेसाठी नव्हे.

परीक्षेच्या गुणांचा मुख्य उपयोग प्रवेश मिळाल्यानंतर होतो. अनेक सरकारी विद्यापीठे 3 किंवा अधिक गुणांवर श्रेयांक देतात, त्यामुळे एखादे सत्र वाचते, पैसे वाचतात. पण डार्टमाउथने 2018 मध्ये पदवीधर होणाऱ्या तुकडीपासून असे श्रेयांक देणे बंद केले. कॅलटेकही एपीसाठी श्रेयांक देत नाही.

याचा अर्थ गुणांना काहीच किंमत नाही असा नाही. करोनाकाळात ऐच्छिक झालेल्या एसएटीसारख्या चाचण्या पुन्हा सक्तीच्या होत आहेत. एमआयटीने 2022 मध्ये, तर डार्टमाउथ, येल, ब्राउन आणि हार्वर्ड यांनी 2024 मध्ये तसे जाहीर केले. त्यात येलने एसएटी किंवा एसीटीऐवजी एपी किंवा आयबीचे गुण देण्याची मुभा ठेवली. शिवाय ज्या शाळेचे नाव समितीने कधी ऐकलेले नाही, तिथल्या विद्यार्थ्याला गणितात किंवा भौतिकशास्त्रात मिळालेले 5 गुण बाहेरचा पुरावा म्हणून कामी येतात. पण तो पुरावा पूरक असतो. नुसत्या त्याच्या जोरावर दार उघडत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. 1999 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूड येथील विद्यार्थ्यांच्या वतीने कॅलिफोर्निया राज्याविरुद्ध खटला दाखल झाला. तिथल्या शाळेत प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले शिकत होती. त्यांना एपीचे मोजकेच विषय उपलब्ध होते, तर त्याच परिसरातील श्रीमंत बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत विषयांची रेलचेल होती. त्या मुलांचा सवाल साधा होता. जो वर्ग आमच्या शाळेत भरतच नाही, त्यात आम्ही हुशारी दाखवायची कशी?

दुसरे टोकही पाहा. 2018 मध्ये वॉशिंग्टन परिसरातील आठ प्रतिष्ठित खासगी शाळांनी 2022 पर्यंत एपी अभ्यासक्रम बंद करण्याचे जाहीर केले. आमचे स्वतःचे अभ्यासक्रम अधिक चांगले आहेत, अशी त्यांची भूमिका होती. एपी सोडली म्हणून आपल्या मुलांची दारे बंद होतील, अशी भीती या शाळांना वाटली नाही. कारण त्यांचे नाव विद्यापीठांना माहीत आहे. गरीब शाळेतील मुलाला मात्र आपली लायकी गुणांनी सिद्ध करावी लागते. परीक्षा एकच, पण तिचे ओझे सारखे नाही.

म्हणूनच अर्जासोबत शाळेचे माहितीपत्रक जाते. शाळेत कोणते विषय शिकवले जातात हे त्यात असते, आणि उपलब्ध संधीतून विद्यार्थ्याने काय केले हे त्यावरून जोखले जाते. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाच्या आधारे प्रवेशात प्राधान्य देण्यास मनाई केली. त्यानंतर परिस्थितीच्या संदर्भात अर्ज वाचण्याचे महत्त्व आणखी वाढले आहे. ही व्यवस्था आदर्श नाही. माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांना झुकते माप तिथेही मिळत आले आहे. पण गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, संधीचा हिशेब मांडल्याशिवाय गुणवत्ता मोजता येत नाही, हे तत्त्व तिथली नामांकित विद्यापीठे उघडपणे मान्य करतात. आपल्याकडे आरक्षणाचा विषय निघाला की टक्केवारी तोंडावर फेकणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

मग आपल्या विद्यार्थ्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, राज्य मंडळाच्या किंवा सीबीएसईच्या शाळेत एपी नसेल तर ती कमतरता तुमच्या नावावर लिहिली जात नाही. त्यासाठी कर्ज काढू नका. आधी शाळेतील गुण सांभाळा, इंग्रजी लेखन पक्के करा, एसएटीची तयारी करा. त्यानंतर वेळ आणि पैसा उरला, तर अकरावीत तुमच्या आवडीच्या एक-दोन विषयांची एपी द्या.

दुसरी गोष्ट, खरा अडसर शुल्काचा आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी ही विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश ठरवतात आणि गरजेनुसार मदत देतात. तिथली स्पर्धा अत्यंत कठीण आहे, हे मात्र स्पष्टपणे जाणून अर्ज करा.

तिसरी गोष्ट, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. तिथे एपीचा काही संबंध नाही. इथेच चांगली पदवी घेऊन मग परदेशी जाणे, हा आपल्या बहुसंख्य मुलांसाठी अधिक खात्रीचा मार्ग आहे.

आणि कार्यकर्त्यांसाठी एक काम. वस्तीतील, तालुक्यातील आठवी-नववीच्या मुलांपर्यंत ही माहिती पोहोचवा. माहिती विकत घेण्याची ऐपत नाही म्हणून आपल्या एकाही मुलाने प्रयत्न सोडता कामा नये.