कमी दिवसांच्या बाळाला आईचंच दूध का? आतडी सडवणाऱ्या ‘एनईसी’चा धोका ओळखा

बेल्हे (ता. जुन्नर) : मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ज्युरीने पावडरचं दूध बनवणाऱ्या एका कंपनीला ६ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितली. कमी दिवसांचं बाळ ‘एनईसी’ने दगावलं होतं. कंपनीने आरोप फेटाळले. तिथला वाद काहीही असो, आपल्याकडच्या घरांनी हा आजार समजून घ्यायलाच हवा.

एनईसी म्हणजे नवजात बाळाच्या आतड्याला सूज येऊन त्याचा भाग सडणं. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या आणि दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना धोका जास्त. पोट फुगणं, हिरवी उलटी, शीत रक्त, दूध न पचणं, बाळ मलूल पडणं ही लक्षणं. अशा वेळी घुटी, बाळकडू देत बसू नका. तासाभराचा उशीरही महागात पडतो. दूध थांबवून सलाईन, अँटिबायोटिक सुरू करतात. आतड्याला भोक पडलं तर ऑपरेशन.

पावडरच्या दुधाने प्रत्येक बाळाला हा आजार होतो असं नाही, आणि आईचं दूध पिणाऱ्यालाही तो होऊ शकतो. पण १९९० मध्ये इंग्लंडमध्ये ९२६ बाळांचा अभ्यास झाला. फक्त पावडरच्या दुधावरच्या बाळांत एनईसी ६ ते १० पट जास्त आढळला.

खरी अडचण अंतराची आहे. बाळ पुण्यात काचेच्या पेटीत आणि बाळंतीण शंभर किलोमीटरवर बेल्ह्यात. “तिला आराम हवा” म्हणून घरी आणतात, इकडे दूध आटतं, तिकडे पावडर सुरू होते. म्हणून आईला बाळाजवळच ठेवा. बाळ ओढत नसलं तरी दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं. पहिला चीक तर अजिबात टाकायचा नाही.

आईला दूध नसेल तर डॉक्टरांना मिल्क बँकेचं विचारा. आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पुण्यात ससूनलाही सोय आहे. तिथे दात्या आईची तपासणी करून, दूध पाश्चराइज करूनच देतात. शेजारणीचं दूध परस्पर पाजू नका.

सरकारी दवाखान्यात आजारी नवजाताचे उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. आईच्या राहण्याची सोयही तितकीच गरजेची. ती मागणी आता गावांनीच लावून धरायला हवी.